स्वमग्न मूल मोठे होते तेव्हा

माझा दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी आईने त्याला नेहमीप्रमाणे पाटावर बसवून ओवाळले. त्याने नेहमीप्रमाणे निरांजनाच्या ज्योतीकडे टक लावून पाहिले आणि कुंकू लावताना कपाळ मागे घेतले, कारण कपाळाला ओले काही लागलेले त्याला खपत नाही. मी तेव्हा नववीत होते. त्याच आठवड्यात दादाच्या विशेष शाळेतून बाबांना बोलावणे आले. मुख्याध्यापिकाबाईंनी चहा दिला, दादाच्या हस्तकलेचे कौतुक केले आणि जूनपासून त्याला शाळेत ठेवता येणार नाही, असे सांगितले. अठरा वर्षांपर्यंतच मुले घ्यायची असा नियम. बाबांनी विचारले, "मग आता याने जायचे कुठे?" बाई म्हणाल्या, "सगळेच पालक हेच विचारतात हो."

मानसशास्त्राच्या तासाला आम्हांला स्वमग्नतेचा धडा होता. पण त्यातील सारी उदाहरणे चार-सहा वर्षांच्या मुलांची. हीच मुले पुढे मिशा फुटलेली माणसे होतात, याचा त्यात उल्लेखही नाही. म्हणून गेल्या पाच वर्षांत आमच्या घराने जे पाहिले आणि त्या निमित्ताने मी जे वाचले, ते येथे मांडते आहे. लिहू का, असे दादाला विचारले होते. "लिहू का" असेच उत्तर आले, कारण तो पुष्कळदा प्रश्नच परत म्हणतो. मग कागदावर विचारले. त्याने "लेख" या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि "नाव" या शब्दापुढे फुली मारली. म्हणून त्याचे नाव या लेखात नाही.

स्वमग्नता हा शब्द मला मनापासून आवडत नाही. हा माणूस स्वतःतच गुंग आहे, त्याला आपली पर्वा नाही, असा अर्थ त्यातून निघतो. इंग्रजीतला 'ऑटिझम' हा शब्दही ग्रीक भाषेतील 'स्व'वरूनच आलेला आहे, तेव्हा दोष आपल्या भाषांतरकारांचा नव्हे. वस्तुतः हा रोग नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळ्या रीतीने होते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. बोलण्याचा उपयोग, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणे, आवाज-स्पर्श-प्रकाश सोसणे, ठरलेल्या क्रमाचा आग्रह या गोष्टींत फरक असतो. आणि तो प्रत्येकात निराळा. कोणी एकही शब्द बोलत नाही, तर कोणी विद्यापीठात शिकवतो. कोणाला अहोरात्र सोबत लागते, तर कोणाला फक्त थोडी शांत जागा. मुलींमध्ये ती अनेकदा ओळखूच येत नाही, कारण त्या इतरांचे पाहून वागायला शिकतात आणि आतून थकून जातात. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 साली एक मुद्दा मांडला. त्यांना आपण समजत नाही हे जितके खरे, तितकेच आपल्याला ते समजत नाहीत हेही खरे. गैरसमज दोन्ही बाजूंचा आहे. घरात एवढी वर्षे राहून मला हे कधी सुचले नव्हते.

या विषयाचा इतिहासही मुलांपासूनच सुरू होतो. अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आठ मुलगे आणि तीन मुली. त्यांतला पहिला डोनाल्ड, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले. पुढे काही वर्षे तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता. सतत काही ना काही मोजत असे. शेतकऱ्याने त्याचा तो नाद मोडला नाही. नांगर धरून मक्याच्या ओळी मोजत जायला सांगितले. ओळीही मोजून झाल्या आणि नांगरणीही झाली. हा डोनाल्ड ट्रिपलेट पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला आणि 2023 साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. त्या बँकेत त्याच्या आईच्या घराण्याचा हिस्सा होता, हे विसरून चालणार नाही. गरिबाच्या घरी तो जन्मता, तर हकीकत वेगळी झाली असती.

कॅनर यांनी 1971 साली त्या अकरा जणांचा पुन्हा मागोवा घेतला. डोनाल्ड बँकेत होता, दुसरा एक जण कचेरीत नकला काढण्याच्या यंत्रावर काम करत होता. परंतु ज्यांचे आयुष्य मोठमोठ्या सरकारी संस्थांत गेले, त्यांची अवस्था पाहून कॅनर फार व्यथित झाले. लहानपणी हीच मुले एकमेकांहून फारशी वेगळी नव्हती. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो शेतकरी वाटतो. मानसशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता त्याने मुलाच्या नादाला काम जोडून दिले.

आता दादाकडे येते. स्वमग्न मुलाचे वय वाढते तसे जगाचे डोळे बदलतात. आठ वर्षांचा दादा आनंद झाला की हात फडफडवीत उड्या मारी. लोक हसत आणि "गोड आहे हो" म्हणत. वीस वर्षांचा, पावणेसहा फूट उंचीचा, दाढी वाढलेला दादा एस.टी.च्या थांब्यावर तेच करतो तेव्हा बायका मुलांना जवळ ओढून घेतात. एकदा तर एका गृहस्थांनी त्याचा दंड धरला. त्याच्या वागण्यात काही बदललेले नाही. बदलले आहे ते शरीर. म्हणून शरीराविषयी स्पष्ट शब्दांत आणि लवकर शिकवावे लागते. कोणते कपडे कोठे काढायचे, दार केव्हा लावायचे, कोणाला हात लावायचा नाही आणि आपल्याला कोणी हात लावला तर काय करायचे. आमच्याकडे ही सारी शिकवण उशिरा झाली, कारण आईला लाज वाटे आणि बाबा म्हणत, "त्याला कुठे कळतंय." त्याला कळत होते. सांगितले नव्हते एवढेच. वयात येताना काहींना फिट्‌स सुरू होतात, पुष्कळांना मनाची अस्वस्थता आणि उदासी येते; तेही "स्वमग्न आहे, असेच असणार" म्हणून सोडून दिले जाते. पूर्वी खाणारा मुलगा जेवेनासा झाला, झोप गेली, तर डॉक्टरांकडेच न्यायला हवे.

दाढीचेच घ्या. सलूनमधल्या यंत्राची घरघर त्याला सहन होत नसे. बाबा दर रविवारी त्याची दाढी करीत आणि दोघेही घामाघूम होत. शेवटी आईने आरशाशेजारी एक तक्ता लावला: पाणी, साबण, उजवा गाल, डावा गाल, ओठावर, हनुवटी, धुणे, पुसणे. प्रत्येकापुढे चित्र. सव्वा महिन्यात दादा स्वतः दाढी करू लागला. ही युक्ती आईची नव्हे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 नंतरच्या दशकात जी पद्धत बसविली, तिचा हा गाभा आहे. ऐकलेले शब्द हवेत विरतात, डोळ्यांपुढचे चित्र तेथेच राहते. आमच्या घरात आता असे सात तक्ते आहेत. पाहुणे आले की ते वाचत बसतात.

शाळा सुटल्यावर अठरा वर्षांवरील मुलांसाठी कर्मशाळा असतात. आमच्या तालुक्यात एकही नाही. वर्षभर दादा घरीच होता आणि त्या वर्षात तो शिकलेले पुष्कळ विसरला. मग ओळखीच्या एका किराणा दुकानात पुड्या बांधायला ठेवले. पुड्या सुरेख बांधी, वजनात गुंजेचा फरक नाही. तेराव्या दिवशी मालक त्याला "पाच मिनिटांत आलोच" म्हणून बाहेर गेले आणि पाऊण तासाने आले. दादा सहाव्या मिनिटाला उठून घरी निघून आला होता. गल्ल्याची किल्ली गल्ल्यालाच. मालक भला माणूस, आरडाओरडा केला नाही. "पोरगा गुणी आहे, पण माझ्याच्याने नाही जमणार," एवढेच आईला म्हणाले. मला अजूनही वाटते की, त्या दिवशी दादा चुकला नाही. मराठीत 'पाच मिनिटे' म्हणजे किती, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. दोष द्यायचाच तर आम्हांला द्यावा, कारण मालकांना आम्ही एवढेच सांगितले होते, "शांत आहे, त्रास देणार नाही." घड्याळाचे सांगायला विसरलो.

दुसऱ्या वेळी शहाणे झालो होतो. गावापासून नऊ किलोमीटरवर एका बाईंची रोपवाटिका आहे. तेथे जाण्यापूर्वी आईने एक कागद लिहून दिला. दादाला काय येते, काय सोसत नाही, काम कसे सांगावे, तो कान झाकून बसला तर काय करावे. बाईंनी तो कागद नुसता वाचला नाही, पंपाच्या खोलीत चिकटवला. काम माती, वाळू आणि शेणखत यांचे मिश्रण काळ्या पिशव्यांत भरण्याचे. भरलेली एक पिशवी नमुना म्हणून समोर ठेवायची, वीस पिशव्यांची एक ओळ, पाच ओळी झाल्या की शंभर. दादाला ओळ अर्धवट सोडून उठता येत नाही. पहिल्या आठवड्यात जेवणाच्या वेळी यावरून गोंधळ झाला. बाईंनी एक वाजताची सुट्टी काढून टाकली आणि ओळ संपली की जेवण असा नियम केला. फॉरेस्टच्या त्या शेतकऱ्याचे नाव बाईंनी ऐकले असण्याची शक्यता नाही.

खरे कष्ट तेथे जाण्या-येण्याचे पडले. आधी आई एस.टी.त त्याच्या शेजारी बसे. मग मागच्या बाकावर. मग दाराजवळ. नंतर बाबा स्कूटरवरून गाडीच्या मागे जात. अशा रीतीने साडेतीन महिने गेले आणि दादा एकटा जाऊ लागला. खिशात एक कार्ड: नाव, आमचे फोन आणि "मी स्वमग्न आहे. मोठ्या आवाजाने मला त्रास होतो. मला हात लावू नका, लिहून विचारा." आम्हांला वाटले, झाले काम. एके दिवशी सकाळची गाडी आलीच नाही. दादा त्या थांब्यावर दोन तास चाळीस मिनिटे उन्हात उभा राहिला. त्याच्या तक्त्यावर "गाडीची वाट पाहणे" असे लिहिले होते आणि तो वाट पाहत होता. ते ऊन मी जन्मात विसरणार नाही, कारण त्याला शोधायला मीच गेले होते. त्या रात्री तक्त्यात एक ओळ वाढली: "साडेनऊपर्यंत गाडी आली नाही तर घरी फोन करणे." घडी बसली की आपण शिकवणे थांबवतो, आणि घडी मोडल्यावर काय करायचे हे तर शिकवलेलेच नसते. मोठेपणी सगळा प्रसंग घडी मोडल्यावरच येतो.

आता कायद्याविषयी. या भागात पालकांची सर्वांत जास्त गफलत होते. अठरा वर्षे पूर्ण झाली की स्वमग्न व्यक्तीही इतरांसारखीच सज्ञान होते. आईबाप आपोआप तिचे पालक राहत नाहीत. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. त्यांत स्वमग्नता नव्हती. 1999 साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला, तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमून घेता येतो. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. पालक हवाच आहे का आणि हवा असल्यास कोणत्या कामांसाठी, हे समितीने पाहायचे असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब. पालकत्व म्हणजे मालकी नव्हे, हे त्यावरून कळावे.

नंतर 2016 साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांत आहे. या कायद्याची दृष्टी निराळी आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, असे तो धरून चालतो. गरज पडली तर 'मर्यादित पालकत्व': ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, आणि निर्णय दोघांनी मिळून, त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा. भारताने 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारास मान्यता दिली, त्याचा हा परिणाम. हे दोन कायदे एकमेकांशी पुरते जुळत नाहीत आणि आईबाप मध्ये सापडतात. बँकेत गेलो तेव्हा समोर दादा बसलेला असताना साहेबांनी मला विचारले, "यांना सही येते का?" दादाची सही माझ्यापेक्षा सुबक आहे. मी दादाकडे बोट दाखवले, तरी ते माझ्याकडेच पाहत राहिले.

बाबांनी पालकत्वाचा अर्ज भरायला घेतला. मी म्हटले, दादाला विचारू या. बाबा हसले, पण विचारा म्हणाले. मी कागदावर लिहिले: "तुझे पैसे कोणी सांभाळावेत?" खाली तीन चौकोन: आई, बाबा, मी. दादाने "मी"वर खूण केली. घरात सर्वांना आनंद झाला; बहिणीवर किती विश्वास! मलाही रडू आले. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आले की त्या कागदावरचा 'मी' कोण, हे ठरलेलेच नाही. दादा लहानपणापासून सर्वनामांची अदलाबदल करतो. त्याला पाणी हवे असले की तो "तुला पाणी हवे" म्हणतो. कॅनर यांनी त्या अकरा मुलांतही हे नोंदवले आहे. मी पुन्हा कागद केला, या वेळी नावे घालून: आईचे, बाबांचे, माझे आणि चौथे त्याचे स्वतःचे. त्याने स्वतःच्या नावावर खूण केली. माझ्या नावाकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या दिवशी नावांचा क्रम बदलून विचारले, तेव्हाही तेच.

मला वाईट वाटले, हे कबूल करते. आणि थोडे सुटल्यासारखेही. कारण "आमच्यानंतर तूच" हे वाक्य मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आले आहे. ते कोणी मला विचारून ठरवले नव्हते, जसे दादालाही कोणी विचारले नव्हते. माझ्या लग्नाचे बोलणे निघाले की मावशी सुस्कारा टाकते तो दादासाठी. स्वमग्न मुलांच्या भावंडांशी या गोष्टी उघडपणे बोलायला हव्यात, आणि बहिणीवर भिस्त ठेवण्याऐवजी पालकांनी एकत्र येऊन सोय करायला हवी. डोंबिवलीजवळ खोणी गावी अमेय पालक संघटनेने प्रौढ मुलांसाठी 'घरकुल' उभे केले आहे. तशी ठिकाणे जिल्ह्याजिल्ह्यांत हवीत. मी दादाला सोडणार नाही. पण ते मी ठरवीन.

शेवटी आमचे असे ठरले: बाबांचा अर्ज करायचा, पण तो वैद्यकीय संमती आणि घर-जमिनीच्या व्यवहारांपुरता. रोपवाटिकेचे पैसे दादाच्या खात्यात, त्याच्या सहीने. आई सोबत जाते, पण काउंटरवर तो उभा राहतो. पहिल्या पैशांतून त्याने एकाच प्रकारच्या अकरा पट्ट्या आणल्या. बाबा काही बोलणार होते, आईने डोळ्यांनी गप्प केले. बाबांकडेही एकाच तऱ्हेचे सहा चष्म्याचे डबे आहेत.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. 2016 च्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे स्वमग्न विद्यार्थी आपल्या वर्गात येणार, कदाचित आलेलेही असतील. त्यांच्यासाठी फार खर्च लागत नाही. तास रद्द झाला तर फलकावर आदल्या दिवशी लिहावे. प्रश्नपत्रिकेत "थोडक्यात लिहा" असे असते. थोडक्यात म्हणजे किती ओळी, ते सांगावे. तोंडी परीक्षेत डोळ्याला डोळा दिला नाही म्हणून गुण कापू नयेत. स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धक लागतात तेव्हा बसायला एक शांत खोली उघडी असावी. खरे तर ती आम्हां सर्वांनाच हवी आहे. आणि डबा खाताना कोणी एकटा बसत असेल तर त्याला ओढून घोळक्यात आणण्यापूर्वी विचारावे, एकटे बसणे त्याला आवडते की नाही.

पिशव्या भरण्याचे काम पावसाळ्यात थांबते, आणि रिकामे महिने दादाला जड जातात. म्हणून मागच्या आठवड्यात मी आपल्या ग्रंथपाल सरांना विचारले की, जुन्या मासिकांच्या फायली वर्षांप्रमाणे लावण्याचे काम दादाला दोन महिने देता येईल का. दादाविषयी सांगायला मी सुरुवात केली, तेव्हा सरांनी मला थांबवले. "त्यांना घेऊन या," ते म्हणाले, "मी त्यांच्याशीच बोलतो." सोमवारी अकरा वाजता जायचे आहे. दादाच्या तक्त्यावर तसे लिहिले आहे, आणि सर अकराला जागेवर नसले तर काय करायचे, तेही.